बांगड्यांच्या कमानी

सर,

तुमच्या मुलीनं आज माझ्याकडे जुन्या बांगड्या मागितल्या. शाळेच्या फाटकासमोर चहाचा गाडा आहे, तिथं उभं राहून, कप दोन्ही हातांत धरून, अगदी सहज मागितल्या. ती आता तुमच्याच शाळेत शिकवते. सातवीला विज्ञान, तुमच्याच वर्गात, तुमच्याच फळ्यावर. शनिवारी विज्ञान प्रदर्शन आहे आणि यंदापासून पहिलं बक्षीस तुमच्या नावानं द्यायचं शाळेनं ठरवलंय. पोरांकडून ती घरातल्या वस्तूंची छोटी छोटी हरितगृहं करून घेणार आहे, आणि मी खऱ्या पॉलिहाऊसच्या सांगाड्यांवर चढउतार करून पोट भरतो म्हणून तिला वाटलं, याला बोलवावं. ‘कमानींना बांगड्याच लागतील,’ ती म्हणाली. ‘धातूच्या आण हं, काचेच्या नकोत. बाबा शेवटी शेवटी सगळ्या पोरांना बांगड्यांच्याच कमानी करायला लावायचे. काय डोकं होतं ना बाबांचं?’

माझ्या हातातला चहा सांडला नाही, एवढीच त्या वेळची माझी कामगिरी. ‘बाबांचं?’ मी विचारलं. ‘मग कुणाचं?’ म्हणाली आणि हसली. ती हसली की मला पुढचं काही सुचत नाही, हे आज नवीन नाही, सातवीपासनं चालू आहे. तुम्हाला कधी कळलं नाही, तिलाही कळलेलं नाही. मग तिनं दुसरी गोष्ट मागितली. ‘आणि शनिवारी माईकवर चार शब्द बोलशील? माजी विद्यार्थी म्हणून. बाबांना तू आवडायचास.’ मी हो म्हणालो. ती रस्ता ओलांडून फाटकातून आत गेली तरी मी तसाच उभा होतो, आणि गाडेवाला म्हणाला, ‘पावणं, कप ठेवा की खाली. संपलाय कवाच.’

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंत होता तेव्हा मी सातवीतलं पोरगं होतो आणि तुम्ही सर होता. तेव्हा भांडता येत नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत, तेव्हाही तोंड उघडलं नाही, कारण सगळा वर्ग रडत होता. मग भांडायचं कधी, सांगा बरं? म्हणून आता लिहायला बसलोय. चार चांगले शब्द शनिवारी मागितलेत. वाईट सगळे आज इथं घ्या.

तुम्ही शिकवायचात चांगलं, हे आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला म्हणायला नको की पोरगं आकसानं लिहितंय. आकसानंच लिहितोय, पण खोटं लिहीत नाही. तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत येऊन कानाला धरायचा. हरितगृह शिकवायला तुम्ही आम्हाला वर्गातून बाहेर काढलंत आणि तुमच्या उन्हात तापलेल्या जुन्या गाडीत चौघाचौघांना कोंबून काचा लावून घेतल्यात. आम्ही आत उकडून निघालो. तुम्ही बाहेरून काचेवर टिचकी मारून ओरडलात, ‘काय पावणं, कसं वाटतंय? ऊन आत आलं, आता त्याला भायेर जायची वाट घावंना झालीया. ह्येलाच म्हणायचं हरितगृह!’ पुस्तकातलं पान आम्हाला नंतर वाचावंच लागलं नाही. ग्रहणाच्या दिवशी तुम्ही भर वर्गात केळं सोलून खाल्लंत. दोन पोरं घरून उपाशी आली होती, त्यांनाही एकेक दिलंत आणि म्हणालात, ‘खावा. चंद्राला तुमच्या केळ्याशी काय देणंघेणं न्हाय.’ मी त्या दिवशी घरी जाऊन आईला ही गोष्ट सांगितली होती. तिनं शिलाई मशीन थांबवून ऐकली आणि म्हणाली, ‘मास्तर असावा तर असा.’ म्हणून तर राग आहे, सर. केळं न खाणाऱ्या माणसानं केलं असतं तर मी विसरून गेलो असतो.

प्रदर्शनासाठी तुमची अट एकच होती. सगळं घरातलं पाहिजे, दुकानातून काहीही आणायचं नाही. आमच्या घरात तेव्हा काय होतं? बाबा आदल्या वर्षी काविळीनं गेले होते. आई घरातच ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची, त्यामुळे चिंध्या, रिकामी रिळं आणि साड्यांच्या पारदर्शक पिशव्या भरपूर. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून त्यात माती भरली, मेथी पेरली. वरच्या छपराला साडीची पिशवी चालणार होती. अडलं ते कमानींवर. खराट्याच्या काड्या वाकवल्या तर मोडल्या. तारेचा हँगर वाकवला तर एक कमान उंच, एक बुटकी, आणि प्लास्टिकला मध्येच झोळ. मी चिडून सगळं स्वयंपाकघराच्या फरशीवर फेकून दिलं. तसा मी तेव्हापासूनच आहे. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, आतल्या ट्रंकेतून बिस्किटाचा डबा आणला आणि माझ्यासमोर उपडा केला. बांगड्या. पिवळ्या धातूच्या, बारीक, काही फुलांच्या, काही साध्या.

‘ह्या घे,’ म्हणाली. ‘कापून उघडल्यास की कमान हुईल.’

‘तुझ्या हायत की.’

‘काचेच्या होत्या त्या त्याच दिशी गेल्या. ह्या ऱ्हायल्या. आता ह्या कुणाला द्यायच्या म्हटलं तर घील का कोण? माझ्या हातच्या म्हटल्यावर हळदीकुंकवाची बाई चार पावलं मागं सरंल. तुझ्या मेथीला तरी काय वाटत न्हाय.’

मी पकडीनं एक बांगडी तोडली. आईनं तोंड फिरवलं नाही. तिनंच दुसरी धरून ठेवली, म्हणाली, जोडाजवळ तोड, तिथं मऊ असती. उघडून मातीत रोवल्या आणि मी बघतच राहिलो. सगळ्या एका उंचीच्या. एका हाताच्या होत्या ना, मग माप चुकणार कसं! प्लास्टिक वरून घातलं तर ढोलासारखं ताणलं. हवा जायला बाजूला खिडकी कापली. आईनं तिला ब्लाऊजचं टिचबटण लावून दिलं, ऊन चढलं की टिचकन् उघडायचं, उतरलं की टिचकन् बंद. दोन दिवसांनी आतून प्लास्टिकला घाम फुटला आणि बाहेरच्या कुंडीतली मेथी अजून मातीखाली असताना आतली डोकं वर काढून उभी. आई शेजारणीला हाक मारून दाखवत होती. बाबा गेल्यापासनं तिनं कुणाला घरात बोलावून काही दाखवलं असेल तर ते हे.

आता प्रदर्शनाची सकाळ. हॉलमध्ये टेबलांवर निळ्या चादरी. माझा डबा पहिल्या टेबलावर आहे, कारण आदल्या दिवशी तुम्हीच बघून म्हणाला होता, ‘ह्ये म्होरं ठेवा. बाईंनी आल्या आल्या ह्येच बघायचं.’ कमानी कशाच्या ते तुम्ही विचारलं नव्हतं. प्लास्टिकच्या आत सोनेरी तार दिसत होती, तेवढंच. बाई म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवती, त्यांच्या हस्ते उद्घाटन, आणि संक्रांत तोंडावर म्हणून दारात हळदीकुंकवाचं ताट. तुम्ही येता आणि म्हणता, ‘चला पावणं, बाईंना काय सांगणार ते म्हणून दाखवा.’ मी छाती काढून म्हणून दाखवतो. ऊन आत कसं येतं, ऊब कशी अडकते, टिचबटण कशाला. मग कमानी. ‘ह्या माझ्या आईच्या बांगड्या हायत सर. बाबा गेल्यापासनं ती घालत न्हाय. सगळ्या एकाच मापाच्या म्हणून कुठं झोळ आला न्हाय.’

तुम्ही माझ्याकडे बघत नाही. दाराकडे बघता, त्या ताटाकडे.

‘ह्ये तू आधी का सांगितलं न्हाईस?’

‘तुम्ही इचारलं न्हाय सर.’

तुम्ही वाकता, माझ्या कानाशी येता, आवाज बारीक करता. ‘हे बघ. बाईंनी पहिल्यांदा हात लावायचा तो ह्येला. नंतर कुणी काही बोललं, तर तुझ्या आईलाच वाईट वाटंल. आत ठेव. उद्या तार लावून आण, मग परत म्होरं ठेवू.’ मी हलत नाही. मग तुम्ही शेजारच्या टेबलावर लिंबाची बॅटरी मांडून बसलेल्या पोरीला हाक मारता. ‘ए बाळ, हे आत प्रयोगशाळेत ठेवून ये बरं.’ आणि तुमची मुलगी येते. एकदा माझ्याकडे बघते. दोन्ही हातांनी डबा उचलते आणि मेथी हलू नये म्हणून पाय उचलायच्या ऐवजी घासत घासत हॉलभर चालत जाते. सगळा वर्ग बघतो. तुम्हाला तेव्हा घाई होती, गाडी आली होती. पण त्या एका फेरीत माझ्या दोन गोष्टी ठरून गेल्या. तुमच्याबद्दलची एक आणि तिच्याबद्दलची एक. त्यातली एकही आजवर सुटलेली नाही.

दुपारी आई आली. ठेवणीतली जांभळी साडी नेसून, शिलाईचं काम बंद ठेवून. पहिल्या टेबलापासून बघत बघत निघाली, प्रत्येक टेबलापाशी थोडी थांबायची. मी म्हणालो, बक्षिसासाठी परीक्षकांनी आत नेलंय. ती खूश झाली. खूश होऊन सरळ तुमच्याकडेच आली, ‘सर, पोराचं आत नेलंय म्हणं?’ तुम्ही हात जोडलेत. अजून दिसतात ते जोडलेले हात. ‘वहिनी, म्होरल्या वेळी तार वापरा. बाकी पोरगं हुशार हाय तुमचं.’ आईला कळायला क्षणही लागला नाही. ‘बरं,’ म्हणाली. एवढंच. आत जाऊन डबा घेतला आणि बसमध्ये मांडीवर धरून घरी आणला. संध्याकाळी तिनं ती मेथी मुळासकट उपटली आणि आमटीत टाकली. मी ओरडलो. ‘वाढलीया तर खाऊया की,’ म्हणाली. ‘बघत बसायला ती काय देवाची हाय व्हय?’

तुमच्या दारापुढून मी पुढं कितीदा गेलो. गाडीची हवा सोडायची, काच फोडायची, भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहायचं, सगळं मनात पाठ होतं. केलं काहीच नाही, कारण खिडकीत ती बसलेली असायची. मग तुम्ही एकदम गेलात, छातीत कळ आली म्हणाले. सगळा वर्ग तुमच्या घरी आला. मी काकूंच्या, तुमच्या बायकोच्या, हातांकडे बघत होतो. मोकळे होते. मला बरं वाटलं, सर. लाज वाटायला हवी होती, पण त्या वेळी खरोखर बरं वाटलं. वाटलं, आता कळेल या घराला, हळदीकुंकवाचं ताट कुणाकडे बघून मागं सरतं. मग आतून तिचा रडण्याचा आवाज आला आणि मी चप्पल न घालता रस्त्यावर आलो.

कॉलेजचंही सांगून टाकतो. इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला होतो. एका सरांनी माझी फाईल सगळ्यांच्या देखत टेबलावरून उचलून खाली ठेवली. कव्हर बरोबर नव्हतं म्हणून. बाकी कुणालाही ते साधंच वाटलं असतं. मला त्यांच्या जागी तुम्ही दिसलात. मी ती फाईल उचलली, त्यांच्या टेबलावर आपटली आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माफी माग म्हणाले, मागितली नाही. कॉलेज सुटलं. आईनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं, मग मामाच्या ओळखीनं पॉलिहाऊस उभारणाऱ्या टोळीत लावून दिलं. आता पन्हाळ्याच्या पायथ्याला एकाच्या जरबेऱ्याच्या फुलशेतीवर आमचं काम चाललंय. वर पाईपवर बसून प्लास्टिकचा कागद ओढताना मी शनिवारचं भाषण पाठ करतो. आज खालून जोडीदार ओरडला, ‘काय लेका, एकटाच काय बोलालाईस? लगीन ठरलं का काय?’ दुसरा म्हणाला, ‘भांडालाय त्यो. म्हंजे झालंय लगीन!’

भाषणात काय आहे ते सांगतो. तुम्ही विज्ञान शिकवलंत आणि विज्ञान टेबलावरून उचलायला लावलंत. एका बाईच्या बांगड्या तुम्हाला अपशकुनी वाटल्या आणि पुढं त्याच बांगड्या तुम्ही तुमची कल्पना म्हणून पोरांना शिकवल्यात. कुणी म्हणेल, तो सरांचा पश्चात्ताप असेल. असेल. पण पश्चात्तापाला आमचं घर ठाऊक होतं. शाळेपासून चालत येण्यासारखं होतं. तो आमच्या दारात यायला हवा होता, सातवीच्या नव्या पोरांच्या वर्गात नव्हे. आपल्याच जिल्ह्यातली गावं आता ग्रामसभेत ठराव करतात की असल्या प्रथा पाळायच्या नाहीत, आणि ते करणारे काही विज्ञानाचे मास्तर नाहीत. तुमची मुलगीच बघा. आज चहा पिताना सहज म्हणाली, ‘आईला बांगड्या मीच घालायला लावल्या. घाल म्हटलं, नाहीतर मी पण काढते.’ बापाला जे हॉलभर माणसांत जमलं नाही ते तिनं घरात करून टाकलं.

आईला आज संध्याकाळी सांगितलं, शनिवारी काय बोलणार आहे ते. ती काजे करत होती. सुईवरून नजर न काढता म्हणाली, ‘बोल की. पर माझ्या बांगड्यांच्या आडनं भांडू नगंस. तुझा राग तुझ्या नावानं काढ.’

‘तुझा अपमान झालता, आये.’

‘माझा झालता, तो मी निस्तरला. तवाच.’

मी विचारलं, कसा? तेव्हा कुठं तिनं सुई खाली ठेवली. त्याच संक्रांतीला काकूंनी ब्लाऊज शिवायला टाकला होता, सर. आईनं कापड परत पाठवलं. शेजारच्या पोरीकडून निरोप दिला, ‘माझ्या हातचं शिवल्यालं तुमच्यात चालतंय का, तेवढं सरास्नी इचारून या, मग मशीनला लावती.’ दुसऱ्या दिवशी काकू स्वतः कापड घेऊन आल्या. म्हणाल्या, चालतंय म्हणालेत. म्हणजे तुम्हाला ते तोंडानं म्हणावं लागलं, आपल्या बायकोसमोर उभं राहून. ‘मग शिवला?’ मी विचारलं. ‘शिवला की. पैसं बी घेतलं. फक्त बाही जरा आवळ ठिवली,’ म्हणाली आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी तिच्या वतीनं दात खात होतो आणि तिचं जेवण कधीच आटोपलं होतं.

तरीही मी बोलणार आहे. मला अडवू नका.

वर लिहिलंय ते बुधवारी लिहिलं आणि ठेवून दिलं. आज रविवार आहे. प्रदर्शन झालं.

शुक्रवारी मी तुमच्या वर्गात पोरांबरोबर बसलो होतो. कुणी आजीच्या बांगड्या आणल्या होत्या, कुणी आत्याच्या, एकीनं हट्टानं आईच्या हातातली उतरवून आणलेली. तुमची मुलगी पकड घेऊन एकेकाची बांगडी तोडून देत होती. चुकीच्या जागी तोडायला लागली तेव्हा मी म्हणालो, जोडाजवळ तोड, तिथं मऊ असते. ‘तुला बरं माहीत!’ म्हणाली. तिथं सांगता आलं असतं. पोरं मातीत हात घालून गोंधळ करत होती, कुणाचं लक्ष नव्हतं, ती माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली होती. मी सांगितलं नाही. मला माईक पाहिजे होता.

शनिवारी हॉल भरलेला होता. व्यासपीठावर तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार, पहिल्या खुर्चीत काकू, कारण बक्षीस त्यांच्या हातून द्यायचं होतं. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि पाईपवर पाठ केलेलं सगळं बोललो, एकही वाक्य गाळलं नाही. आईच्या बांगड्या म्हणालो, विधवा म्हणालो, उचलायला लावलं म्हणालो, कल्पना चोरली म्हणालो. तुमच्या फोटोकडे बोट करून म्हणालो. गोड लागलं, सर. खोटं कशाला बोलू? उसाच्या पहिल्या कांड्यासारखं लागलं. मुख्याध्यापक उठून माझ्या हातातला माईक घ्यायला आले तेव्हा काकू खुर्चीतूनच म्हणाल्या, ‘असू द्या, बोलू द्या त्याला. पोरगं खरं बोलतंय. त्या आवळ बाहीचा ब्लाऊज अजून हाय माझ्या पेटीत.’ मागच्या रांगेत दोनचार बायका फिस्सकन् हसल्या, तसा मुख्याध्यापकांना जीव आला आणि कार्यक्रम पुढं सरकला. पोरांना बक्षिसं मिळाली. मला वाटलं, जिंकलो.

ती शेवटपर्यंत कामात होती. टेबलं आवरून झाल्यावर मी जवळ गेलो. चादरीच्या घड्या घालत होती, मी दुसरं टोक धरलं, तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

‘मला आधी सांगायला काय झालं होतं?’

‘सांगणार होतो.’

‘कधी? काल दिवसभर शेजारी बसला होतास. त्याआधी बुधवारी चहा प्यालास. त्याआधीची सगळी वर्षं होती की.’

‘तुला आठवत नाही का? तूच तर उचलून नेलंस.’

‘आठवतंय. घरी गेल्यावर बाबांशी भांडले होते मी त्याच्यावरून. जेवले नव्हते.’ तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ‘त्यांचं चुकलंच. पण त्यांनी निदान वाकून तुझ्या कानात सांगितलं होतं. तू माईकवर सांगितलंस. माझ्या आईला समोर बसवून.’ आणि चादरींचा गठ्ठा छातीशी धरून ती गेली. कालपासून फोन उचलत नाही.

तर सर, हिशेब असा झालाय. माझ्या आईनं तुमच्यावर सूड घेतला आणि वर शिलाईही घेतली. तुमच्या मुलीनं तुमच्याशी भांडण केलं आणि उपाशी झोपली. तुमच्या बायकोनं सगळ्या हॉलपुढं खरं ते खरं म्हटलं. तुमच्याशी ज्याची त्याची भांडणं तुम्ही असतानाच झाली होती. मागं राहिलेला मी एकटाच, आणि मी भांडायला गेलो तो फोटोशी. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. ते जोडलेले हात मला अजून सहन होत नाहीत, आणि कुणी त्यांचं कौतुक करायला लागलं तर मी पुन्हा बोलेन, माईक असो नसो. पण तुमच्या मुलीला जे लागलं ते तुम्ही केलेलं नाही, हे आईला सांगायची मला हिंमत झाली नाही. आई काल विचारत होती, ‘माझं नाव घेतलंस व्हय रं?’ मी म्हणालो, जेव आधी.

हे पत्र पाठवायचं तर पत्ता मला पाठ आहे. पण त्या पत्त्यावरचं टपाल आता तीच घेते. तुमच्या नावानं अजून काही ना काही येतं, विम्याचं, कुठल्या मासिकाचं, आणि पाकिटावर बाबांचं नाव दिसलं की उघडायला हात होत नाही, असं ती मला एकदा म्हणाली होती. म्हणून पोस्टात टाकणार नाही. पाकीट मात्र आणलंय. त्यावर तुमचं पूर्ण नाव लिहिलंय, सातवीत तुम्ही मारून मारून बसवलंत तसल्या घोटीव अक्षरात, पहिलं बिघडलं म्हणून दुसरं पाकीट घेऊन. खरं सांगतो, एवढं सुंदर अक्षर मी तुमच्यासाठी काढलेलं नाही.